दुलईतला वाडगा

तुम्ही आमच्या घरचा भात कधीच खाल्ला नाहीत. एक शीतसुद्धा नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिली आहेत, ती कुठेही भेटतात. तुम्ही न खाताच वासे उपसून नेलेत. हा आरोप आहे. गाऱ्हाणं नव्हे, विनवणी तर नव्हेच, कारण विनवण्या ऐकून ऐकून तुमचे कान तुकतुकीत झालेत, त्यांच्यावरून शब्द नुसते घसरून जातात. तुमचं नाव मी लिहिणार नाही. भीतीपोटी नाही. नाव लिहिलं की तुम्ही एकच माणूस होता, आणि बाकीचे तुम्ही सुटता. मी लहान होते तेव्हा तुमच्या कानाची एक पाळी फाटलेली होती. गेल्या मंगळवारी दोन्ही पाळ्या शाबूत होत्या. तरी ते तुम्हीच होतात.

गुरुवारी संध्याकाळी मी शाळेतून घरी आले. शाळेतून म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातून. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचा भात मोठ्या पातेल्यांतून उपसायचा आणि घरी येऊन दंड चोळत बसायचं, हा माझा दिवस. आम्ही आता राहतो त्या बुचॉन शहरात थंडी सुरू झाली होती. जमिनीखालच्या नळ्यांत गरम पाणी सोडणारा बॉयलर मी सकाळी बारीक करून गेले होते, पण भिंतीजवळचा तो एक कोपरा, जिथून गरम पाण्याची नळी घरात शिरते, तो कायम ऊबदार असतो, म्हणून तिथं दुलई पसरलेली असते. कोट न काढताच बसले आणि पाय दुलईत सारले. अंगठ्याला काहीतरी लागलं. गोल, गुळगुळीत, गरम. मी पाय असा ओढला की साप असता तरी इतका झपाट्यानं ओढला नसता. डोक्यात विचार यायच्या आधी अंगाला कळलं होतं. टॉवेलात गुंडाळलेला वाडगा. झाकणाचा. भरलेला. मी भिंतीला पाठ लावून त्या दुलईला आलेल्या टेंगळाकडे बघत बसले. घरात कुणी नव्हतं. फ्रिजची घरघर थांबली तेव्हा मला वाटलं, त्या टेंगळाखाली कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलंय, आणि मी त्याला बघतेय तसं तेही मला बघतंय. तीसएक वर्षं झाली. घर बदललं, शहर बदललं, आडनावानं हाक मारणारी माणसं बदलली. आणि कुणीतरी माझ्या दुलईत वाडगा ठेवून गेलं होतं.

आमच्याकडे घरातला माणूस बाहेर असला की त्याचा भात दुलईत ठेवतात. ठेवत असत. इंचॉनला टेकडीवर आमचं घर होतं, दोन खोल्यांचं, खाली कोळशाची वडी जळायची आणि चुलीकडची जमीन इतकी तापायची की तिथं जमिनीवर चिकटवलेला कागद पिवळा पडून करपला होता. तिथं अप्पांचा, माझ्या वडिलांचा, वाडगा असायचा. पितळेचा. अप्पा लिबियाला होते, वाळवंटात पाण्याचे नळ टाकत होते. ते आज येणार नाहीत, उद्या येणार नाहीत, हे आईला माहीत होतं, मलाही माहीत होतं, तरी संध्याकाळी पहिला भात त्यांचा. आई म्हणायची, "इथं त्यांचा भात गरम असला की तिथं ते उपाशी राहत नाहीत." मी विचारलं होतं, "तिथं त्यांना भात कोण देतं?" तर म्हणाली, "तेच तर. कुणी नाही देत, म्हणून इथं ठेवायचा." यात वेडं काही नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक घरात एक टेंगूळ असायचं. कुणाचा नवरा बोटीवर, कुणाचा मुलगा सैन्यात. सकाळी तो भात आम्ही पाण्यात कालवून खायचो आणि शाळेत जायचो. तुम्ही आयतं हेच घेतलंत. नवं काही आणावं लागलं नाही तुम्हाला. लोकांच्या घरात एक जागा आधीच रिकामी होती, गरम होती, रोज कुणीतरी झटकून ठेवत होतं. तुम्ही फक्त तिथं जाऊन बसलात.

बॉम-शिक, माझा नवरा, आठच्या सुमारास आला. आम्ही दोघं एकाच कारखान्यात एकाच सरकत्या पट्ट्याशी कामाला उभे होतो, त्यामुळे 'अहो' कधी तोंडात बसलंच नाही. कारखान्यानं त्याला वसंतात काढलं. त्यानंतर तो दगडाच्या गाद्या विकणाऱ्या एका कंपनीत जाऊ लागला. गादीत हिरवे दगड शिवलेले, वीज लावली की तापतात, पाठ बरी होते, झोप लागते, रक्त शुद्ध होतं. एक आमच्याकडेही होती, पहिली स्वतःच घ्यावी लागते म्हणून. माणूस घरात बसून कुजण्यापेक्षा बरं, असं मला वाटलं होतं.

"दुलईत काय ठेवलंयस?" मी विचारलं.

"पाय भाजला का?" तो मोजे काढता काढता हसला. "सांगायचं राहून गेलं बघ."

"कुणाचा आहे?"

"भात आहे."

"भात आहे ते दिसतंय. कुणाचा आहे?"

"हसशील तू."

"हसले तर हसले."

"अध्यक्षांचा," तो म्हणाला, आणि स्वतःच आधी हसला, मी हसेन म्हणून.

मी हसले नाही. "ते येणार आहेत आपल्याकडे?"

"येडी का काय? ते कशाला येतात. मानायचं असतं तसं. ज्याच्यामुळे घरात चार घास येणार, त्याचा एक वाडगा गरम ठेवायचा. कंपनीतल्या क्वाकबाई म्हणाल्या, आपली जुनीच रीत आहे. तुझी आई नव्हती ठेवत?"

"ठेवायची."

"मग झालं तर. सकाळी झाकण उलटं करून बघायचं, आतून थेंब धरले असतील तर समजायचं—"

"श्वास," मी म्हणाले.

मोजा त्याच्या हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं. आई कसल्याशा प्रार्थनामंडळात होती, तिथंच गेली, एवढंच त्याला ठाऊक. गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब धरतातच, यात श्वास कुणाचा, असं पाचवीतल्या पोरालाही सांगता येईल. मी पाचवीत होते. मी सांगितलं नाही. आई झाकण उलटं करून खिडकीपाशी न्यायची, थेंब उजेडात धरायची आणि तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते अप्पांचं पत्र आल्यावरही कधी येत नसे. "येऊन गेले," म्हणायची. ती झाकण तिरकं करायची, थेंब एकमेकांत मिसळून ओघळायचे, ती ते बोटावर घेऊन माझ्या कपाळाला लावायची. गार लागायचं. मला ते आवडायचं. तुम्हाला हेही ऐकवते, म्हणजे मी तुमच्याबद्दल फक्त वाईट बोलते असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

तेव्हा तुम्हाला थोरले म्हणायचे. तुम्ही उत्तरेकडून चालत आलात, लढाईत तुमची सगळी माणसं मेली, म्हणून आता सगळे तुमची माणसं. गल्लीतल्या बायका सांगायच्या, थोरल्यांचे हात बर्फातही गरम असतात, आतल्या आगीनं. नव्या वर्षाला तुम्ही मंडळाच्या दिवाणखान्यात आलात आणि आम्हा पोरांचे हात एकेक करून हातात घेतलेत. खरंच गरम होते. इतके की थंडीनं सुजलेल्या माझ्या बोटांना खाज सुटली. आणि वास येत होता, पेट्रोलसारखा. मला वाटलं पावित्र्याचा वास असाच असतो. आजही पेट्रोल पंपावरून जाताना माझी मान आपोआप खाली वाकते, बॉम-शिक म्हणतो, "पंपवाला ओळखीचा आहे का गं?" पुढे कारखान्यात एका म्हाताऱ्या मुकादमाकडे मी तेच बघितलं. खिशातली छोटी चपटी डबी, आत पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस, पेटवली की दिवसभर हात शेकते. बाजारात कुणालाही मिळायची. मी त्या दिवशी संडासात जाऊन बसले होते बराच वेळ. कशाचं रडू येत होतं ते मला कळलं नाही. बहुतेक कपाळावरच्या थेंबांचं.

अप्पा आले तो दिवस मला नीट आठवतो, म्हणजे त्याचा उजेड आठवतो. अप्पा काळे पडले होते, कानांच्या मागे वाळू होती. टेकडीवरचं घर तोवर गेलं होतं. त्यांनी वाळवंटातून पाठवलेले पैसे गेले होते, आईच्या लग्नातली अंगठी गेली होती, आम्ही मंडळाच्या मागच्या एका खोलीत राहत होतो आणि आई मंडळाचं धुणं धूत होती. हे सगळं त्यांना टेकडीवरच्या दुकानदारानं सांगितलं असणार, कारण ते विचारत विचारत आले होते. बूट काढले, आत आले, चुलीकडे बसले, आणि परत आलेला प्रत्येक पुरुष करतो तेच केलं: हसत हसत दुलईत हात घातला. आपला वाडगा शोधायला. आई किंचाळली, "तो नाही!" मी आईला तशी किंचाळताना पुन्हा कधी ऐकलं नाही. अप्पांचा हात आतच राहिला. "कुणाचा आहे?" "थोरल्यांचा." "येणार आहेत का?" "ते आलेलेच असतात." अप्पांनी हात बाहेर काढला. तळहाताकडे बघितलं, जणू काही चिकटलं असेल. "बरं," ते म्हणाले. आईनं त्यांना पातेल्यातला भात वाढला, पाहुण्याच्या वाडग्यात. ते जेवले. झोपले ते दाराकडच्या थंड बाजूला. कायमचे म्हणून आलेले अप्पा दोन महिन्यांत परत गेले. निघताना मला म्हणाले, "तिथलं ऊन तरी माझं असतं." पुढे त्यांची ट्रंक तेवढी आली. आई म्हणाली, थोरल्यांनी बोलावून घेतलं. त्या संध्याकाळीही वाडगा दुलईत होता, आणि तो अप्पांचा नव्हता.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की गुरुवारी बॉम-शिकनं पुढे काय सांगितलं. आम्ही राहतो त्या घराची मुदत या महिन्याअखेर संपते. घर घेताना मालकाला एकरकमी अनामत दिलेली आहे. महिन्याचं भाडं नाही, सोडताना सगळी परत. दोघांच्या वीस वर्षांच्या पगारातून दुसरं काही उरलेलं नाही. करार माझ्या नावावर आहे, तेव्हा सहीच्या जागी उठवायच्या माझ्या शिक्क्याशिवाय ती कुणाला मिळत नाही. बॉम-शिकला ती अनामत कंपनीत घालून शाखाप्रमुख व्हायचं होतं. "आणि राहायचं कुठे?" मी विचारलं. "कंपनीचं घर आहे. सगळे एकत्र. कुटुंबासारखे." "आपण काय आहोत मग?" तो म्हणाला, "नान-ही, कारखान्यानं मला काढलं तेव्हा फाटकावरच्या माणसानं माझं ओळखपत्र मागून घेतलं, नाव वाचलंसुद्धा नाही. तिथं गेलो की चारशे माणसं माझ्या नावानं टाळ्या वाजवतात. तू फक्त एकदा ये. ऐक. मग नको म्हण." त्याच्या डोळ्यांत तेच होतं. झाकण खिडकीशी धरलेल्या बाईच्या डोळ्यांतलं.

मंगळवारी सुट्टी काढून गेले. सकाळी निघताना एकच गोष्ट ठरवून केली: रात्रभर दुलईत राहिलेला वाडगा चमच्यासह रुमालात बांधून, वर कोरा टॉवेल गुंडाळून पिशवीत ठेवला. कशासाठी ते नीट ठरलं नव्हतं. सभेची जागा म्हणजे लग्नाचा हॉल, तिसरा मजला. मधल्या वारी लग्नं नसतात, हॉल स्वस्त मिळतो. कागदी पांढऱ्या फुलांची कमान तशीच उभी होती, तिच्यातून नवरीसाठी केलेली काचेची वाट मंचापर्यंत गेली होती. दारातच क्वाकबाईंनी मला धरलं. साठीच्या, ओठ रंगवलेल्या, डोळ्यांत खरी माया. खोटी असती तर मला सोपं गेलं असतं.

"या, या वहिनी! बॉम-शिकभाऊ तुमच्याबद्दल इतकं बोलतात की आम्हाला वाटलं सिनेमातली नटी आणतायत. अगंबाई, हात किती गार! थांबा. आज गरम होतील."

लोक टाळ्या वाजवायला लागले. तीन सावकाश, दोन जलद, मग एक थांबा, त्या थांब्यात सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढायचा. इंचॉनला टाळ्या अशाच होत्या. माझे हात मांडीवर होते. मी खाली बघितलं तर ते वाजत होते. तीन सावकाश, दोन जलद. मी वाजवत नव्हते, ते वाजत होते, आणि थांबा आला तेव्हा माझ्याही छातीनं श्वास ओढला, चारशे जणांबरोबर, आणि क्षणभर त्या हॉलमध्ये कुणासाठी हवाच उरली नाही. एक गृहस्थ माइकवर आले. घर विकून कंपनीत घातलं, आता मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर झोपतो म्हणाले. "पण पाठ दुखत नाही! कारण सीटवर गादी आपली आहे!" केवढा हशा. बॉम-शिक हसता हसता मला कोपरानं ढोसत होता. त्या गृहस्थांच्या कोटाला मागून इस्त्री नव्हती. गाडीत झोपणाऱ्याची पाठ कशी दिसते ते मी बघत होते. इंचॉनला एक बाई अशीच उभी राहून सांगायची, की घर गेलं तेव्हा छप्पर गेलं आणि आकाश मिळालं. तेव्हाही लोक असेच हसले होते.

मग तुम्ही आलात. काचेच्या वाटेवरून, कमानीखालून. मी आधी तुमचे कान बघितले. दोन्ही शाबूत. पन्नाशी, चष्मा, किडकिडीत अंग, बँकेत रांगेत पुढे उभे असाल तर लक्षातही राहणार नाही असे. थोरले असते तर आता नव्वदीच्या पुढे असते. मुलगा? मी क्वाकबाईंच्या कानाशी लागले, "यांचे वडील इंचॉनचे का हो?" "छे हो! अनाथ. डोंगरातल्या आश्रमात वाढले. म्हणून तर आपण सगळे त्यांची माणसं." मला किती निराश वाटलं सांगू. एकाच माणसानं दोनदा लुटलं असतं तर ते दुर्दैव होतं. एकच शत्रू असता, त्याचं वय झालं असतं, तो कधीतरी मेला असता. पण तुमची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. कुणी कुणाला शिकवलं नाही, तरी टाळ्या त्याच, वाडगा तोच, श्वास तोच. म्हणजे तुम्ही कुठून येत नाही. आमच्यातच एक जागा आहे, तुमच्या मापाची, आणि ती रिकामी झाली की तुम्ही उगवता.

तुम्ही पहिल्या रांगेपाशी थांबलात. बॉम-शिकनं मला पुढे केलं. कोटाच्या खिशातून तुमचा हात बाहेर आला तेव्हा आत बारीक काहीतरी सरकल्याचा आवाज आला, वाळूसारखा. लोखंडाच्या भुशाची पुडी. चोळली की तापते. आमच्या शाळेतल्या पोरांच्या खिशांत हिवाळाभर असते, वापरून झालेल्या मी केरात टाकते. आता वाससुद्धा येत नाही, सुधारणा झाली. तुम्ही माझे दोन्ही हात हातात घेतलेत. गरम होते. मला पुडी माहीत होती, डबी माहीत होती, अप्पांचा तळहात डोळ्यांपुढे होता. आणि तुम्ही मान किंचित वाकवून, हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलंत, "जेवलात का?"

रस्त्यात कुणीही कुणालाही विचारतं हे. मी स्वतः रोज शेकडो पोरांना विचारते. मला कोण विचारतं? माझे डोळे भरून आले. तोंडातून "हो" गेलं, आणि सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मागून क्वाकबाई म्हणाल्या, "बघा, झाले ना गरम!" कुणीतरी छोटं टेबल पुढे आणलं, त्यावर कागद, लाल शाईची डबी. मी पिशवीत हात घातला वाडगा काढायला, आणि बोटांना आधी शिक्का लागला. मी तो ठेवला नव्हता. तो घरी कपाटात, हिवाळी चादरींच्या मागे असतो. बॉम-शिक नंतर फोनवर आईची शपथ घेऊन म्हणाला, त्यानंही ठेवला नाही. मग माझ्याच हातांनी ठेवला असेल. टाळ्या वाजवणाऱ्या हातांनी. मी तो मुठीत धरला. दुसऱ्या हातानं वाडगा काढला आणि त्या कागदावरच ठेवला.

"खोटं बोलले," मी म्हणाले. माझा आवाज इतका साधा निघाला की मलाच नवल वाटलं. "जेवले नाही. तुम्हीही जेवला नसाल. आमच्याकडे रोज ठेवतात तुमच्यासाठी. हा कालचा. खा."

बॉम-शिक माझं नाव पुटपुटला. तुम्ही हसलात, खरंच छान हसलात, आणि टॉवेल काढून रुमाल सोडलात. झाकण क्वाकबाईंनी उचललं. उलटं केलं. थेंब धरलेले होते. "येऊन गेलेत!" त्या ओरडल्या, आणि रांगांमागून रांगा हुंदके देत उठल्या, झाकण डोक्यांवरून हातोहात मागे जाऊ लागलं. तुम्ही इथं माझ्यासमोर उभे होतात, आणि लोक तुम्ही रात्री येऊन गेलात म्हणून रडत होते. तुम्हाला स्वतःला कधी विचित्र वाटत नाही? मग तुम्ही चमचा उचललात. एक क्षण, अगदी एकच क्षण, मला वाटलं तुम्ही खाणार. तुम्ही तो बॉम-शिकच्या हातात दिलात. "ज्यानं ठेवला," तुम्ही म्हणालात, "त्याच्याच तोंडून मी जेवतो."

हेच शब्द. आई सकाळी थंड भात माझ्यापुढे सारून म्हणायची, "खा. तुझ्या तोंडून ते जेवतात." मी खायचे, आणि माझं तोंड माझं नसायचं.

बॉम-शिक खायला लागला. आधी अदबीनं, छोटा घास. मग मोठा. मग वाडगा उचलून, तोंडाशी लावून, न चावता. तेव्हा मला दिसलं की त्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली आहे. दुपारचं जेवण तो कंपनीत घेतो असं सांगत होता. तिथं जेवण नव्हतं. गादीचे हप्ते त्या जेवणाच्या पैशांतून जात होते. माझा नवरा, जो पट्ट्यावर माझ्या डब्यातली मुळ्याची लोणची चोरून खायचा, चारशे माणसांसमोर रडत रडत दुसऱ्याच्या नावचा गार भात गिळत होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. तीन सावकाश, दोन जलद.

"नान-ही, लाव ना शिक्का," तो म्हणाला. ओठाला शीत होतं.

"घरी चल. घरी भात आहे."

"हा घरचाच आहे," तो म्हणाला.

मला 'बरं' म्हणायचं नव्हतं. अप्पांनी ते म्हटलं आणि थंड बाजूला जाऊन झोपले. शिक्का मुठीत आवळून त्या काचेच्या वाटेवरून उलट्या दिशेनं चालत बाहेर आले. मागे वळून बघितलं तेव्हा तुम्ही पुढच्या बाईचे हात हातात घेत होतात. वाडगा तिथंच राहिला.

बॉम-शिक त्या रात्री आला नाही. त्यानंतरही आला नाही. एकदा फोन आला, शिक्का पिशवीत कुणी ठेवला यावरून आम्ही भांडलो, मागे कुणीतरी कुजबुजत होतं, मग फोन बंद. काल क्वाकबाईंचा आला. "वहिनी, भाऊ इथं आनंदात आहेत. तुम्ही शिक्का घेऊन या, मग बसून बोलू." मी विचारलं, "तो जेवला का?" त्या म्हणाल्या, "इथं सगळे मनानं तृप्त असतात." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच मायेनं.

आत्ता संध्याकाळ आहे. बॉयलर मोठा केलाय. भात झाला, आणि पहिला भात मी दुसऱ्या वाडग्यात भरला, झाकण लावलं, टॉवेलात गुंडाळला, भिंतीकडच्या दुलईत सारला. माझे हात हे इतक्या सराईतपणे करत होते की मी मध्येच थांबून त्यांच्याकडे बघितलं. दुलईला पुन्हा टेंगूळ आलंय. आईही अशीच बसली असेल, पहिल्या पहिल्या संध्याकाळी, जेव्हा तो वाडगा अजून अप्पांचा होता. कुठल्या संध्याकाळी तो बदलला हे तिलाही सांगता आलं नसतं. वाडगा तोच, जागा तीच, आतला भात तोच. म्हणून मी मोठ्यानं बोलून ठेवलं, रिकाम्या घरात, भिंतींना ऐकू जाईल असं: हा बॉम-शिकचा आहे. झाकण मी उलटं करून बघणार नाही. तो आला नाही तर सकाळी हा भात पाण्यात कालवून मीच खाईन, माझ्या तोंडानं, माझ्या पोटासाठी.

शिक्का माझ्याकडे आहे आणि तो तुम्हाला मिळणार नाही. माणूस तुमच्याकडे आहे. तेव्हा तृप्ती, श्वास, आतली आग यांतलं काही मला ऐकवू नका. त्याच्या तोंडून तुम्ही काय खाल्लंत तेही विचारत नाही. आज, या संध्याकाळी, बॉम-शिक जेवला का? हो की नाही, एवढंच सांगा. वाट बघतेय, भात गरम आहे. जेवला का तो?